उताराची सायकल आणि सासऱ्यांचं वर्कशॉप

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी आणि माझे सासरे फक्त पावसापाण्यावर बोललो. वारंगा फाट्याला त्यांच्या घरी गेलो की ते उठून उभे राहायचे, दोन्ही हात जोडून जयभीम घालायचे, खुर्ची आपल्याच उपरण्यानं पुसून पुढं करायचे आणि विचारायचे, "पाऊस काय म्हणतो तुमच्याकडं?" मी म्हणायचो, "बरा आहे मामा." मग दोघंही दाराबाहेरच्या रस्त्याकडं बघत बसायचो. आतून कोंबडीच्या रश्श्याचा वास येत असायचा आणि मला वाटायचं, हा एवढा मान कुणीतरी काढून घ्यावा आणि मला नीट मांडी घालून बसू द्यावं.

मामांचं फाट्यावर लेथचं वर्कशॉप आहे. पत्र्याचं शेड, आत एक जुनी लेथ, एक ड्रिल मशीन, वेल्डिंगचा सेट आणि भिंतीवर टांगलेले पाने. तरुणपणी ते नांदेडच्या एका गिरणीत फिटर होते. गिरणीतलं काम सुटल्यावर गावाकडं आले आणि इथं बसले, ते आजतागायत. ट्रॉलीचे बुश, ट्रकच्या पाट्यांच्या पिना, हळद पॉलिश करायच्या ड्रमचे शाफ्ट, असली कामं त्यांच्याकडं येतात. घरात अवघडून बसणारा हा माणूस शेडमध्ये कसा असतो, ते मला माहीत नव्हतं. जावयाला शेडमध्ये बसवायची रीत नव्हती ना.

मी भूमापक आहे, हिंगोलीला असतो. लोकांच्या जमिनी मोजतो. नोकरीच्या आधी पुण्यात परीक्षांचा अभ्यास करत होतो, तेव्हा माझ्या खोलीतला जोडीदार डोंगरउतारावर सायकल चालवायचा. त्याच्या मागं लागून एकदा मीही बसलो, आणि त्या दिवशी अभ्यासाचं थोडं नुकसान झालं ते कायमचंच. पुढं तो परदेशी गेला आणि जाताना आपली जुनी फ्रेम मला देऊन गेला. चाकं नाहीत, हँडल नाही, ब्रेक नाहीत. नुसती फ्रेम आणि तिच्या पोटातला स्प्रिंगचा शॉक-अब्सॉर्बर. लग्नानंतर ती हिंगोलीच्या घरात माळ्यावर चादरीत गुंडाळलेली होती. बायकोनं पहिल्यांदा चादर सोडली तेव्हा ती म्हणाली, "हा सापळा कुणाचा?"

ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिच्या तोंडी सापळा हा शब्द अगदी सहज येतो.

मोजणीच्या कामानं मी पुष्कळ माळ पायाखाली घातले आहेत. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, माझ्या गावच्या शिवारामागं एक टेकडी आहे. तिच्यावरून शेळ्यांची एक वाट खाली येते. लाल मुरूम, मधेच काळे दगड, दोन तीव्र वळणं आणि शेवटी शेताचा उंच बांध. एकदा त्या बाजूला मोजणी होती. मी टेकडीवर उभा होतो आणि जमीन बघायची सोडून ती वाटच बघत राहिलो. घरी येऊन फ्रेम खाली काढली.

तिची अवस्था वाईट होती. या सायकलचं मागचं चाक साध्या सायकलसारखं फ्रेमलाच पक्कं नसतं. ते एका वेगळ्या हातावर बसवलेलं असतं. तो हात पुढच्या फ्रेमला बेअरिंगांवर जोडलेला असतो, म्हणजे चाक दगडावरून गेलं की हात वर उचलला जातो आणि मधला शॉक तो धक्का खातो. माझ्या फ्रेमची ती बेअरिंगं गंजून गच्च झाली होती आणि शॉकच्या टोकाचा बुश, म्हणजे पिनेभोवतीची धातूची बांगडी, झिजून अंडाकृती झाला होता. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं. पार्ट मिळत नव्हता.

"बाबांकडं न्या ना," बायको म्हणाली. "ते दुसरं काय करतात दिवसभर? बुशच तर करतात."

"सासऱ्याला कसं काम सांगायचं?"

"मग ठेवा माळ्यावर."

एका रविवारी मी फ्रेम खांद्यावर घेऊन एसटीत चढलो. कंडक्टरनं तिच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं. "सायबा, हिचं चाक कुठं हाय?" मी म्हटलं, बसवायचंय अजून. तो म्हणाला, "मंग हिचं तिकीट न्हाई. बसा." सगळी बस हसली. कळमनुरीपर्यंत एक आजोबा त्या शॉकची स्प्रिंग अंगठ्यानं दाबून बघत होते.

वारंग्याला उतरून मी घरी न जाता सरळ शेडकडं गेलो. मामा एका शाफ्टवर वाकले होते. मला बघून मशीन बंद करायला निघाले, जयभीमसाठी हात जोडू लागले, आणि मग त्यांची नजर खांद्यावर गेली. जोडलेले हात तसेच पुढं आले आणि त्यांनी फ्रेम घेतली. उलटी केली. मागचा हात वर-खाली करून बघितला. कान लावून ऐकलं. मला कुणी खुर्ची दिली नाही. मी एका टायरवर बसलो आणि मला इतकं बरं वाटलं.

"हे असं काहून बनवलंय?" त्यांनी विचारलं.

"उतरायसाठी, मामा. डोंगरावरून खाली."

"अन् चढायला?"

"चढताना ढकलत न्यायची."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसले. मोकळं, पोट हलवून हसले. त्यांचं तसलं हसू मी दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

"म्हंजे निस्तं उतरायचं. शहाणा हाय ज्यानं केली तो. ठिवा हितं."

पण मी ती ठेवून गेलो नाही, तिथंच थांबलो. दोघांनी मिळून मागचा हात सोडवला. एक बेअरिंग काही केल्या निघेना. मी हातोडा उचलला आणि ठोकणार, एवढ्यात मामा ओरडले, "अरे थांब! मारू नको! येडा झाला का?"

हातोडा हवेतच राहिला. मामांनी जीभ चावली. चेहरा पार उतरला त्यांचा.

"माफ करा जावईबापू. तोंडातून गेलं."

"मामा, तसंच बोला. मला चालतंय."

"न्हाई न्हाई. असं कसं." पण मग ते हळूच म्हणाले, "हातोड्यानं घर खराब होतं. बेअरिंगचं घर. एकदा ते वाकलं की नवी बेअरिंग कधीच सरळ बसत न्हाई." त्यांनी एक लांब बोल्ट घेतला, एका बाजूला वाटीसारखा पाना लावला, दुसऱ्या बाजूला जाड वॉशर आणि नट. नट आवळत गेले तसं बेअरिंग न कुरकुरता बाहेर आलं. त्यातून चहाच्या रंगाचं पाणी गळालं.

बुश त्यांनी पितळेचा केला. मायक्रोमीटर डोळ्यांजवळ धरून चार वेळा मापला आणि चार वेळा केसभर उतरवला. बसवताना मला म्हणाले, "अंगठ्यानं आत गेला पायजे. पण निस्ता सोडला तर खाली पडायला नको." मी अंगठ्यानं दाबला. तो सावकाश, तेलकट, आत सरकला आणि तिथंच राहिला.

संध्याकाळी घरात गेलो तेव्हा सासूबाई रागावल्या होत्या. कोंबडी निवली होती आणि जावयाचे हात कोपरापर्यंत काळे होते.

पुढचे कितीतरी रविवार त्या फ्रेमनं खाल्ले. हँडलखालच्या बेअरिंगच्या वाट्या आम्ही तशाच लांब बोल्टनं दाबून बसवल्या, दर चार फेऱ्यांनी थांबून त्या तिरक्या जात नाहीत ना हे बघत. चाकं, पुढचं चाक धरणारा फोर्क आणि ब्रेक मी पुण्याहून जुने मागवले. बोल्ट किती आवळायचे याची मापं असतात, म्हणून मी छोटा टॉर्क पाना घेतला. ठरलेल्या जोरावर तो टक् करतो. मामांना तो काही पटला नाही. "मनगट कशाला दिलंय मंग?" ते म्हणाले. मग त्यांनी एक बोल्ट आपल्या हातानं आवळला आणि मला म्हणाले, लावा तुमचा पाना. मी लावला. जरा दाब दिला आणि लगेच टक्. बरोब्बर. दुसरा बोल्ट, तसंच. तिसरा, तसंच. मामा बिडी पेटवायला बाहेर गेले. पण पाठमोरे असतानाही ते खूश दिसत होते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्प्रिंगपायी. या सायकलवर नुसतं बसलं की शॉक जेवढा दबू शकतो त्याच्या साधारण तिसरा हिस्सा दबला पाहिजे. कमी दबला तर सायकल दगडांवरून उड्या मारते, जास्त दबला तर पहिल्याच बांधाला तळ गाठते. मी भिंतीला धरून सायकलवर बसायचो, मामा गुडघ्यावर बसून पट्टीनं शॉकची लांबी मापायचे. माझ्या वजनानं तो जेमतेम हलत होता.

"कुणाची होती म्हणालात ही?"

"जोडीदाराची. पुण्याचा."

"जाडजूड होता का गडी?"

"होता."

"मंग ही त्याच्या वजनाची स्प्रिंग हाय. दुसऱ्याचं धोतर नेसून पळायचं म्हंजे कसं व्हईल?" नवी स्प्रिंग येईपर्यंत त्यांनी मला सायकल नेऊ दिली नाही. जावईबापू म्हणायचे, पण सायकल नेऊ द्यायचे नाहीत.

एकदाची सायकल चालू झाली. महिन्यातून दोन-तीन रविवार मी गावाकडं जायचो, टेकडीवर ढकलत न्यायचो आणि उतरायचो. खाली शेळ्या राखणाऱ्या एक बाई असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला उतरताना बघून तोंडावर पदर घेतला होता, पुढं पुढं त्या नुसत्या शेळ्या बाजूला घ्यायच्या. मुरमाची लाल धूळ बेअरिंगात जाते, म्हणून पाच-सहा वेळा उतरून झालं की सायकल वारंग्याला जायची. एकदा मी ती गाड्या धुतात तिथं जोराच्या पाण्यानं धुऊन आणली, तर मामांनी मला अर्धा तास सुनावलं. ते पाणी ग्रीस काढून टाकतं आणि आत जाऊन बसतं. तेव्हापासून ओलं फडकं आणि जुना दातांचा ब्रश. आणि प्रत्येक बोल्टवर नखाला लावायच्या रंगाची एक बारीक रेघ, अर्धी बोल्टवर आणि अर्धी फ्रेमवर. बोल्ट सैल झाला की रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. रंग बायकोचा होता, गुलाबी. तिनं दुसरी बाटली घेतली आणि ही आम्हाला देऊन टाकली.

त्या काळात मामा मला कधी तुम्ही म्हणायचे, कधी तू. घरात तुम्ही, शेडमध्ये काम रंगात आलं की तू. आता ते जीभ चावत नव्हते.

चालू झाल्यापासून तिसऱ्या वर्षी सायकल कुरकुरायला लागली. बसलं की मागून बारीक आवाज. बेअरिंगं बदलली, बोल्ट तपासले, आवाज जाईना. मामांनी मागचा हात सोडवून रॉकेलनं स्वच्छ धुतला. मग त्याला पातळ तेल लावून तासभर ठेवला, कोरड्या फडक्यानं कसून पुसला आणि त्यावर शाळेतल्या खडूची पूड भुरभुरली. आम्ही वाट बघत बसलो. जोडाजवळच्या पांढऱ्या पुडीत हळूहळू एक काळपट रेघ उमटली. केसासारखी, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. भेगेत शिरलेलं तेल पुडीनं बाहेर ओढून घेतलं होतं.

"संपलं," मामा म्हणाले.

"संपलं कसं? वेल्डिंग मारून द्या."

"न्हाई."

"मामा, तुम्ही ट्रकच्या चेसीला मारता."

"चेसी लोखंडाची असते. हे ॲल्युमिनियम हाय. फॅक्टरीत जोड मारल्यावर अख्खी फ्रेम भट्टीत घालून कडक करत्यात. आपण जोड मारला की भोवतालचं सगळं मऊ पडतं." त्यांनी हात कापडात गुंडाळला. "अन् ट्रक मोडला तर रस्त्यात उभा राहतो. ही मोडली तर तू कुठं असशील?"

मी हट्टाला पेटलो. पावसाळा नुकताच सरला होता, वाट धुऊन घट्ट झाली होती, वर्षातले सगळ्यात चांगले दिवस ते. नवा हात मिळायचा नव्हता. मी म्हटलं, बरं, घेऊन जातो, घरी ठेवतो. मामांनी माझ्याकडं बघितलं, पण सायकलचा तो हात दिला.

हिंगोलीत ॲल्युमिनियमची भांडी आणि रेडिएटर जोडून देणारे एक कारागीर आहेत. मी त्यांच्याकडं गेलो. त्यांनी साफ सांगितलं, "जोड मारतो साहेब, पण गॅरंटी नही देता." मी म्हटलं, मारा. जोड सुरेख दिसत होता, माशाच्या खवल्यांसारखा.

घरी फ्रेम जोडताना बायकोनं विचारलं, "बाबांनी बघितलं ना हे?"

"बघितलं," मी म्हणालो.

बघितलं होतंच. काय बघून ते काय म्हणाले, एवढंच मी सांगितलं नाही.

दुसऱ्याच फेरीला बांधावरून उडी घेतली आणि खाली टेकताना मागून कट्टकन आवाज आला. मागचा भाग खाली बसला, हँडल हातातून सुटलं आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो. उठायला गेलो तर हात उचलेना. शेळ्यावाल्या बाई धावत आल्या. त्यांनी आपलं लुगड्याचं जुनं फडकं माझ्या गळ्यात बांधून हात त्यात अडकवला आणि एवढंच म्हणाल्या, "मला वाटलंच व्हतं एक दिवस." गावातल्या एकाच्या गाडीतून मला हिंगोलीला नेलं. बायकोची त्या दिवशी ड्युटी होती. तिनं मला दारात बघितलं, क्षणभर थांबली आणि मग दुसऱ्या कुठल्याही पेशंटला हाताळावं तसं मला हाताळलं. एक शब्द जास्त नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. फोटो बघून, पट्टा बांधून, मला खाटेवर नीट बसवून तिनं फोन काढला आणि माझ्यासमोरच मामांना लावला.

"बाबा, तुमी बघितली होती ना ती सायकल? मग? कसं बसू दिलं तुमी यांना?"

तिकडचं मला ऐकू येत नव्हतं.

"चूक झाली म्हंजे काय बाबा? तुमच्यावर भरवसा ठेवून बसले ना ते! डोकं फुटलं असतं म्हंजे?" तिचा आवाज वॉर्डभर गेला. "बोला ना! गप काहून बसलात?"

चूक झाली, असं म्हणाले होते मामा. मी खाटेवर तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. एका वाक्याचं काम होतं. मी डोळे मिटून घेतले, दुखतंय असं दाखवलं. दुखतही होतं, पण त्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आले. संत्री घेऊन. खाटेपासून जरा लांब, टोपी हातात धरून उभे राहिले. बायकोनं त्यांना बसा म्हटलं नाही. ते मला म्हणाले, "हात कसा हाय?" मी म्हटलं, बरा आहे. मग ते म्हणाले, "उघडीप हाय यंदा," आणि मी म्हटलं, हो. लग्नानंतरच्या त्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही परत जाऊन पोचलो होतो, आणि मीच नेलं होतं.

तीन दिवस मी ते तसंच ठेवलं. चौथ्या दिवशी बायको मला भात भरवत होती, उजवा हात चालत नव्हता म्हणून. एक घास घेतला आणि सांगून टाकलं. सगळं. खडूच्या पुडीपासून भांड्यावाल्या कारागिरापर्यंत.

तिनं ताट खाली ठेवलं. तिचे डोळे भरले, माझ्यामुळं नव्हे. "आणि मी बाबांना वॉर्डात उभं राहून बोलले," ती म्हणाली. मग फोन माझ्या डाव्या हातात दिला. "लावा. आत्ता. मी नाही बोलणार, तुम्ही बोला."

मी लावला. "मामा, मी हिला सांगितलंय. चूक माझी होती."

"माहीत हाय की."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

लेथचा आवाज थांबला. "ती घाबरली व्हती. घाबरलं माणूस कुणावर तरी वरडणार. तुझं हाड आधीच मोडलं व्हतं, आणखी काय मोडायचं?"

फोन ठेवल्यावर बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. जेवण भरवायची, औषधं द्यायची, बोलायची नाही. रविवारी एकटीच वारंग्याला गेली. तिथं दोघांत काय झालं ते मला आजही माहीत नाही. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि पिशवीत सासूबाईंनी दिलेलं लिंबाचं लोणचं होतं. "बाबांनी सायकलचा तो मोडका हात मागितलाय," ती म्हणाली. "आणि तुम्हाला बोलवलंय."

पट्ट्यात माझा हात अडकवून, सायकलचा हात पिशवीत घालून मी गेलो. शेडच्या बाहेरच दहा मिनिटं रेंगाळलो. मामांनी आतूनच हाक मारली, "ये ना आत, काय उभा हायस?" त्यांनी तो मोडका हात व्हाइसच्या शिकंज्यात धरला आणि मोडलेल्या जागेच्या थोडं बाजूला, जोडावरच, जिथं भेग अजून पुरती उघडली नव्हती, तिथं करवतीनं आडवा कापला. कापलेली बाजू घासून गुळगुळीत केली आणि मला उजेडात दाखवली. वरचा सुरेख जोड भाकरीवर लोणी बसावं तसा नुसता वर बसला होता. खाली भेग जशीच्या तशी.

"त्या कारागिराचा दोष न्हाई," मामा म्हणाले. "त्याला आतवर जायला जागाच न्हवती." मग त्यांनी माझ्या डाव्या हातात कानस दिली. आधी जोडापासून लांब घासायला लावली, मग जोडाशेजारी. लांबच्या धातूवर कानस घसरत होती. जोडाशेजारी साबणात गेल्यासारखी गेली. "समजलं?"

"समजलं."

"शब्दानं सांगितलं तेव्हा समजलं न्हवतं. माझं बी चुकलं. तव्हाच कापून दाखवाय पायजे व्हतं."

मी कानस पुसून जागेवर ठेवली. त्यांनी चहा मागवला.

नवा हात मिळायला पुढचा पावसाळा उजाडला. माझ्या जोडीदारानं परदेशातून कुणाकुणाला विचारलं. पुण्यात एकाकडं तीच फ्रेम होती. तिची पुढची बाजू दगडावर आपटून चेपली होती, मागचा हात शाबूत होता. तो आला तेव्हा मामांनी तेल आणि खडू तीन वेळा केलं. तीनही वेळा पूड पांढरीच राहिली. चौथ्यांदा बायकोनं करायला लावलं, तिच्या डोळ्यांसमोर. ती त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढून आली होती. तिची अट सरळ होती. सायकल जोडली की आधी तिनं बघायची, मग मी बसायचं. बोल्टवरच्या रेघा आता तीच मारते. तिचा हात आमच्यापेक्षा स्थिर आहे. नव्या जोडणीत एक बोल्ट मी आवळायचा विसरलो होतो, तो तिनंच पकडला. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ."

दिवाळीनंतरच्या एका सकाळी आम्ही तिघं टेकडीवर गेलो. मामांचे गुडघे दुखतात, खाली थांबा म्हटलं तर ऐकेनात. मी सायकल ढकलत होतो, ते माझ्यामागं हळूहळू, दर दहा पावलांवर थांबत. बांधापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "हितंच?"

"इथंच."

ते बांधावर उभे राहिले. खाली वाकून दगड बघितला, बांधाची उंची हातानं मोजली. बायको मागं राहिली होती, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते मला म्हणाले, "तुला एक सांगू? लग्न झाल्यापासून ती माझ्याशी पाव्हण्यावानी बोलत व्हती. बाबा जेवलात का, बाबा गोळी घेतली का. त्या दिवशी फोनवर लहानपणीसारखी वरडली. वाईट वाटलं, पण बरं बी वाटलं."

मी वर गेलो आणि उतरलो. पहिली फेरी सावकाश, बांधाला बगल देऊन. दुसऱ्या फेरीला बांधावरून. मागचा हात वर उचलला, शॉकनं धक्का खाल्ला, चाक मुरमात टेकलं आणि पुढं निघालं, कसलाही आवाज न करता. खाली थांबलो तर मामा आधी माझ्याकडं आले नाहीत, सायकलकडं गेले. शॉकला हात लावला. "गरम हाय. म्हंजे काम करून राहिलाय." मग बोटानं एकेका रेघेवरून फिरले. सगळ्या अखंड होत्या. मग कुठं माझ्या खांद्यावर थाप मारली, डाव्या.

"मला बी बसू दे जरा," ते म्हणाले.

"बाबा!" बायको ओरडली.

"हितं सपाटच हाय. रस्त्यापर्यंत."

सपाट नव्हतं ते, मंद उतार होता. पण ते बसले. त्यांच्या वजनानं शॉक दबला तसे ते दचकले, "आयला!" म्हणाले आणि हसायला लागले. धोतर एका हातानं सावरून त्यांनी पाय सोडले. सायकल निघाली. बायको ओढणी खोचून शेजारून धावायला लागली, "बाबा, ब्रेक! बाबा, हळू!" शेळ्यावाल्या बाईंनी शेळ्या बाजूला घेतल्या. मामा ताठ बसून, हनुवटी वर करून, खडबडीत वाटेवरून रस्त्याकडं जात होते आणि त्यांच्या खाली मागचा हात शांतपणे वर-खाली होत होता. रस्त्याजवळ त्यांनी ब्रेक दाबला. मागचं चाक वीतभर उचललं गेलं, खाली आलं, आणि ते दोन्ही पाय टेकून उभे राहिले. बायकोनं त्यांचा दंड पकडला. मीही धापा टाकत पोचलो.

त्यांचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी वाकून पुढचा ब्रेक दोनदा दाबून बघितला.

"पुढचा लई जोरात लागून राहिलाय," ते म्हणाले. "पाच नंबरची ॲलन की आणलीस का?"